लेपाचे आयुष्य

आमच्यापैकी एकाने काही वर्षांपूर्वी एक जुनी मोटार विकत घेतली. तिच्या समोरच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली, एक जाड चकचकीत कार्ड सापडले. मोटारीला ‘सिरॅमिक कोटिंग’ केल्याचे ते प्रमाणपत्र होते. वर सोनेरी अक्षरांत ‘आजीवन संरक्षण’ असे शब्द होते आणि मागच्या बाजूला दरवर्षीच्या तपासणीसाठी दहा चौकोन आखलेले होते. पहिल्या चौकोनात शिक्का होता, उरलेले नऊ कोरे होते. टपावरचा रंग मात्र ठिकठिकाणी फिकटला होता आणि पावसाचे पाणी त्यावर थेंबाथेंबांनी न थांबता सपाट पसरत होते. आजीवन म्हणजे कोणाच्या जीवनापर्यंत? लेपाच्या, मोटारीच्या, मालकाच्या, की कार्ड देणाऱ्या दुकानाच्या? हा प्रश्न आम्हांला तेव्हा गमतीचा वाटला. त्याचा माग काढू लागलो तेव्हा तो तितकासा गमतीचा राहिला नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी मोटारीच्या मेणाविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. ‘टिकणे’ हे क्रियापद आपण ग्रंथांविषयी, भाषेविषयी, परंपरेविषयी रोज वापरतो. पण ते कसाला लावून पाहण्याची संधी क्वचित मिळते. मोटारीवरचा लेप ती संधी देतो, कारण तो काही आठवड्यांत, फार तर काही वर्षांत, आपल्या डोळ्यांदेखत संपतो. त्याचा इतिहास हा एका अर्थाने टिकण्याविषयी दिलेल्या वचनांचाच इतिहास आहे.

मोटार अवतरली तेव्हा ती घोडा काढून घेतलेली बग्गीच होती, आणि तिचा रंगही बग्गीचाच होता. जवसाच्या तेलात रंगद्रव्य खलायचे, ब्रशाने पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात वाळला की घासून गुळगुळीत करायचा, आणि शेवटी कोपलच्या वॉर्निशाचे हात चढवायचे, अशी ती रीत होती. कोपल म्हणजे आपल्याकडच्या जुन्या कारागिरांचा चंद्रस. त्याचा नावाजलेला प्रकार पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून झांझिबारच्या बाजारात येई आणि त्यातला काही माल मुंबईमार्गे युरोपात जाई. एका गाडीच्या रंगकामाला कित्येक आठवडे लागत. एवढे करूनही ते वॉर्निश उन्हाने पिवळे पडे, भेगाळे. मग गाडी पुन्हा रंगाऱ्याकडे जाई. त्यात कोणाला फसवणूक वाटत नसे. वॉर्निश झिजणार आणि माणूस ते पुन्हा देणार, हे दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेले होते.

या व्यवहारातले शब्दही पाहण्याजोगे आहेत. इंग्रजीतला ‘लॅकर’ मागे मागे नेला तर आपल्या ‘लाक्षा’पाशी पोचतो. संस्कृत, प्राकृत, फारसी, मध्ययुगीन लॅटिन आणि पोर्तुगीज अशी त्याची लांबलचक वाट आहे. पळस, कुसुंब, बोर यांच्या फांद्यांवर जगणारे लाखेचे किडे जो राळेसारखा स्राव सोडतात, तो या शब्दाचा मूळ अर्थ. चीन आणि जपानमधला लॅकर हा वस्तुतः निराळ्याच झाडाचा चीक. पण चकाकी तशीच म्हणून युरोपीय व्यापाऱ्यांनी त्यालाही तेच नाव दिले. खुद्द जपानचे नाव इंग्रजीत काळ्या चकचकीत वॉर्निशाचे नाव झाले आणि क्रियापदही झाले. १९१४ ते १९२५ या काळात फोर्डची मॉडेल टी केवळ काळ्या रंगात मिळे. तो काळा म्हणजे डांबरी द्रव्य मिसळून भट्टीत भाजलेला हाच ‘जपान’ होय. तो स्वस्त होता आणि टिकाऊही होता.

पुढची पायरी युद्धातून आली. पहिल्या महायुद्धात धूरविरहित दारूसाठी नायट्रोसेल्युलोज अफाट प्रमाणात बनवले गेले. युद्ध संपले आणि कारखाने उरले. ड्यूपाँट कंपनीच्या रसायनज्ञांना १९२०च्या सुमारास त्याचे असे पातळ द्रावण साधले, की पुरेसे रंगद्रव्य पेलूनही ते फवारता येई आणि झटकन वाळे. १९२३ मध्ये ‘ड्युको’ या नावाने ते पुढे आले आणि जनरल मोटर्सच्या १९२४च्या ओकलंड गाड्या त्याचा निळा रंग लेवून बाहेर पडल्या. आठवड्यांचे काम फार थोड्या वेळात होऊ लागले. या लॅकरमध्ये लाखेचा अंशही नव्हता. नाव तेवढे उरले होते. तरी लाक्षागृहाची कथा ठाऊक असलेल्या वाचकाला एक साम्य जाणवल्यावाचून राहणार नाही. चकाकी आणि ज्वालाग्राहीपणा येथेही एकाच द्रव्यात नांदत होते. आपल्याकडे तर ड्युको हे सामान्यनामच झाले. फवारून केलेल्या चकचकीत रंगाला रंगारी आणि सुतार अजूनही ड्युकोच म्हणतात.

ड्युकोची एक खोड होती. उन्हापावसात त्याचा वरचा पापुद्रा पांढुरक्या भुकटीसारखा होई. ती भुकटी घासून काढली की खालून पुन्हा चमक येई. मात्र ती काही काळ राखायची तर वर मेण लावणे भाग होते. मोटारीच्या मेणाचा धंदा फोफावला तो या उणिवेवर. ‘सिमोनाइझ’ बनवणारी कंपनी शिकागोत १९१० मध्येच उभी राहिली होती. पुढे तिच्या उत्पादनाचे नाव अमेरिकन इंग्रजीत क्रियापद झाले आणि शब्दकोशात गेले. गाडीला मेण लावून चमकवणे म्हणजे ‘सिमोनाइझ करणे’. आम्हांला ही घटना महत्त्वाची वाटते. क्रियापदाला कर्ता लागतो. त्यात फडके धरलेला हात आहे, सुटीची सकाळ आहे आणि काही आठवड्यांनी हे पुन्हा करावे लागेल ही जाणीव आहे. मराठीतही आपण ‘मेण लावतो’ आणि ‘कोटिंग करून घेतो’. पहिल्यात काम आपले असते, दुसऱ्यात दुसऱ्याचे. आणि एकदा करून घेतले की आपण म्हणतो, ‘गाडीला कोटिंग आहे.’ क्रियापदाकडून नामाकडे झालेला हा प्रवास ध्यानात ठेवून पुढचा इतिहास वाचावा, अशी विनंती आहे.

मेणांमध्ये सर्वांत मानाचे मेण कार्नौबा. ब्राझीलच्या ईशान्येकडील सेआरा, पियाउई या कोरड्या प्रदेशांत ताडाच्या जातीचे हे झाड वाढते. अवर्षणात पानातले पाणी उडून जाऊ नये म्हणून ते आपल्या पानांवर मेणाचा थर धरते. पाने कापून उन्हात वाळवतात आणि झोडपून मेणाची भुकटी वेगळी करतात. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते, तर कार्नौबा ८२ ते ८६ अंशांच्या आसपास. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या मोटारीचा टप साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो हे लक्षात घेतले, म्हणजे या फरकाचे मोल कळते. १९३५ मध्ये विस्कॉन्सिनमधील रसीन येथील मेणाचे कारखानदार एच. एफ. जॉन्सन (धाकटे) सिकोर्स्की बनावटीच्या उभयचर विमानातून ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरापर्यंत गेले, ते या झाडाच्याच शोधात. फरशीचे, लाकडी सामानाचे आणि मोटारीचे मेण हा तेव्हा जवळजवळ एकच धंदा होता.

शुद्ध कार्नौबा दगडासारखा कठीण आणि ठिसूळ असतो. तो लावता यावा म्हणून त्यात तेले, द्रावके आणि मऊ मेणे मिसळावी लागतात. या मिश्रणाचा थर रंगाला केवळ चिकटून राहतो, त्याच्याशी रासायनिक नाते जोडत नाही. म्हणून उष्णता, घर्षण आणि साबण यांपुढे तो लवकर हार मानतो. सामान्य वापरात त्याचे आयुष्य चार ते आठ आठवडे. नागपूरच्या मे महिन्यात किंवा कोकणातल्या जुलैत त्याहूनही कमी.

दुसऱ्या महायुद्धानंतर सिलिकोन आले. त्याने लेप लावणे सोपे झाले आणि चमकही वाढली. पुढे साबणाला दाद न देणारी, रंगाला अधिक घट्ट धरणारी सिलिकोने निघाली; त्यांतून आणि इतर कृत्रिम बहुवारिकांतून आजचे ‘सीलंट’ घडले. त्यांचे आयुष्य तीन ते सहा महिने धरावे. याच वाटेवर आपल्याकडे ‘टेफ्लॉन कोटिंग’चा काळ येऊन गेला. नवी गाडी घेताना ते करून घेणे हा शिष्टाचारच होता. टेफ्लॉनचा शोध रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये लागला. तव्यावर त्याचा सलग थर बसवायचा तर तीनशे अंशांच्या वर तापवावे लागते. त्याचा वितळणबिंदूच ३२७ अंश आहे. मोटारीच्या रंगाला ती उष्णता सोसणारी नाही. तेव्हा फडक्याने चोळलेल्या द्रावणात टेफ्लॉनचे कण असले, तरी तव्यावरचा तो थर गाडीवर तयार होणे शक्य नव्हते. गाडी काही महिने चमके ती त्यातल्या इतर घटकांमुळे. येथे टिकले ते नाव.

दरम्यान खालचा रंगच बदलला होता. १९८०च्या दशकात मोटारींवर रंगाच्या थरावर वेगळा पारदर्शक थर देण्याची पद्धत सर्वत्र पसरली. हा ‘क्लिअर कोट’ साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. तो भट्टीत पक्का केलेला असतो आणि अतिनील किरण शोषणारी द्रव्ये त्याच्या अंगातच मिसळलेली असतात. जी भुकटी ड्युकोवर दर मोसमात धरे ती या थरावर अनेक वर्षे धरत नाही. म्हणजे मेणाची गरज इतिहासात पूर्वी कधी नव्हती इतकी कमी झाली. आणि नेमक्या याच काळात संरक्षणाची वचने महिन्यांवरून वर्षांवर आणि वर्षांवरून आयुष्यावर गेली. गरज उतरत असताना वचन चढत गेले, हा या इतिहासातला सर्वांत बोलका भाग होय.

आता सिरॅमिककडे येऊ. नाव भट्टीत भाजलेल्या मातीचे, पण येथे भट्टी नसते. सिलॉक्झेन किंवा पॉलिसिलाझेन जातीची द्रव्ये पातळ द्रावणात असतात. रंगावर पुसली की हवेतल्या आर्द्रतेशी त्यांची क्रिया होते आणि काचेच्या गोत्राचा, सिलिकायुक्त असा एक कठीण थर उरतो. तो क्लिअर कोटला मेणापेक्षा कितीतरी घट्ट धरतो, यात शंका नाही. पण त्याची जाडी बहुधा एक-दोन मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी भरते. जाहिरातीत त्याच्यापुढे ‘९ एच’ असा आकडा असतो आणि विक्रेता बोलता बोलता हिऱ्याचे नाव घेतो. हिऱ्याची मोजणी मोहस् यांच्या खनिज-मापावर होते. तेथे हिरा १० आणि माणिक-नीलमाचे कुरुंद ९. ‘९ एच’ मात्र पेन्सिलीच्या मापावरचे आहे. कोणत्या शिशाच्या पेन्सिलीने थरावर ओरखडा उठतो, एवढेच त्यात पाहतात. एकच अंक दोन मापांत वावरतो आणि ऐकणारा आपल्या सोयीचे माप मनाशी धरतो. श्लेष हा अलंकार आपण वर्गात शिकवतो. बाजारात तो असा राबतो.

दुसरा घोटाळा थेंबांचा. पाणी मोत्यांसारखे उभे राहिले की लेप जिवंत आहे आणि पसरले की मेला, असे सर्रास मानतात. ही खूण अपुरी आहे. नुकत्याच लावलेल्या तेलकट पॉलिशवरही पाणी थेंबाथेंबांनी उभे राहते, आणि त्यात संरक्षण नाममात्रच असते. उलट, बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने धुतलेल्या गाडीवर क्षारांचा पापुद्रा बसतो. त्याखाली लेप शाबूत असूनही पाणी सपाट पसरते. क्षार सौम्य आम्लाने धुऊन काढले की तोच लेप पुन्हा जागा होतो. म्हणून लेप ‘किती टिकला’ हे पाहणाऱ्याने आधी काय मोजायचे ते ठरवावे लागते. चमक, थेंब, रासायनिक बचाव आणि ओरखड्यांपासून बचाव या चारही गोष्टींची आयुष्ये वेगवेगळी असतात आणि प्रमाणपत्रावर ती एकाच आकड्यात कोंबलेली असतात.

जाहिरात बाजूला ठेवून बोलायचे तर घरी लावायचे सिरॅमिक लेप एक-दोन वर्षे, आणि कसलेल्या हाताने नीट तयारी करून दिलेले लेप दोन ते पाच वर्षे काम देतात. तेही निगा राखली तर. ती निगा म्हणजे दोन बादल्यांतले स्वच्छ पाणी, मऊ कापड, पक्ष्यांची विष्ठा दिसताच पुसणे आणि वर्षातून एकदा नवा हात देणे. आपल्या सोसायट्यांत पहाटे एक बादली आणि एक फडके घेऊन पंधरा-वीस गाड्या पुसणारा माणूस असतो. त्याच्या फडक्यातली धूळ हीच त्या लेपाची कानस होते. दोष त्याचा म्हणता येत नाही. त्याला मिळणाऱ्या पैशांत आणि पाण्यात तेवढेच बसते. पण प्रमाणपत्राच्या मागच्या बारीक अक्षरांनी हा माणूस आधीच वगळलेला असतो, आणि त्याच्याबरोबर बहुतेक ग्राहकही.

मोटारीचा मूळ रंग बनवणारे टिकाऊपणा कसा पाहतात, तेही येथे सांगितले पाहिजे. फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाला, जेथे ऊन आणि दमटपणा दोन्ही पुरेपूर आहेत, रंगवलेले पत्रे मांडणीवर कलते ठेवून वर्षानुवर्षे तसेच सोडतात. प्रखर दिव्यांखाली झटपट चाचण्याही होतात, पण अखेरचा शब्द उन्हाचा मानतात. कालच्या वर्षी बाजारात आलेला लेप नऊ वर्षांचे वचन देतो तेव्हा ती नऊ वर्षे अजून कोणी जगलेले नसते. ते अनुमान असते आणि त्याला अनुभवाचा वेश चढवलेला असतो.

येथवर आम्ही लेप लवकर संपतो ही तक्रार ऐकली. पण लेप खरोखरच टिकला तर काय होते, याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. अजिंठ्याची चित्रे उजळ दिसावीत म्हणून एकोणिसाव्या शतकात, १८७२ ते १८८५ या काळात, जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतले त्यांचे विद्यार्थी नकला करीत असताना चित्रांवर वॉर्निश चढवले गेले. पुढे लेणी निजामाच्या राज्यात असताना १९२०-२२ मध्ये लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी सांधला, हे त्यांचे श्रेय आहे. पण चित्रांवर त्यांनी संरक्षणासाठी शेलॅकचा हात दिला. शेलॅक म्हणजे शुद्ध केलेली लाखच. ती टिकली. वर्षे जातील तशी पिवळी आणि मग तपकिरी होत टिकली. तिने धूळ धरून ठेवली आणि खालचे निळे-हिरवे रंग झाकून टाकले. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांनी हा थर बोटभर बोटभर जागा घेत उतरवण्याचे काम चालवले, ते याच टिकाऊपणाची किंमत म्हणून. आज जतनशास्त्राचा पहिला दंडक असा, की आपण देऊ तो थर पुढच्या माणसाला काढता आला पाहिजे.

मोटारीची तुलना अजिंठ्याशी करण्याचा उद्धटपणा आम्ही करीत नाही. तत्त्व मात्र तेच आहे. मेण गेले तर जाताना काही नेत नाही. सिरॅमिक लेप डागाळला तर तो यंत्राने घासूनच काढावा लागतो, आणि त्या घासण्यात क्लिअर कोटचेही काही मायक्रॉन जातात. रक्षण करणाऱ्या थराने रक्षिलेल्या वस्तूच्या आधी संपावे, हा त्याचा धर्म आहे. त्याच्या संपण्याला आपण दोष समजतो, ती खरी गल्लत आहे.

जुन्या मराठी घरात ही गल्लत नव्हती. कल्हईवाला भाता, कोळसे आणि नवसागर घेऊन दारी येई आणि पितळी भांड्यांच्या आतून कथलाचा पातळ थर फिरवून जाई. भांड्यात ताक कळकले की कल्हई गेली असे समजत आणि त्याची वाट पाहत. कल्हई किती वर्षे टिकेल, असे त्याला कोणी विचारल्याचे आम्हांला आठवत नाही. शेणाच्या सारवणाचे तेच. त्याचे आयुष्य दिवसांत मोजले जाई आणि तरीही जमीन पिढ्यान्‌पिढ्या टिके. या टिकण्याचा आधार थरात नव्हता. तो पुन्हा पुन्हा दिला जात असे, यात होता. अर्थात ते पुन्हा पुन्हा देणारे हात बहुतेक वेळा बायकांचे होते आणि त्यांचे कंबरडे कोणी मोजले नाही, हेही विसरून चालणार नाही. आजीवन लेपाच्या मोहात या श्रमांतून सुटण्याची इच्छा आहे, आणि ती इच्छा खोटी नाही. खोटे आहे ते तिला दिलेले उत्तर.

कमळाच्या पानावरचे पाणी ही गीतेच्याही आधीपासून आपल्या ओळखीची उपमा. त्या पानावरच्या मेणाच्या सूक्ष्म रचनेचा खुलासा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये केला आणि लेप विकणाऱ्यांनी तो तत्काळ उचलला. उपमेतली एक गोष्ट मात्र त्यांनी गाळली. पान जिवंत असते. मेण झिजले की ते नवे मेण घडवते. कार्नौबाचे झाडही तेच करते. तेच मेण पत्र्यावर आले की त्याला घडवणारे कोणी उरत नाही, आणि पानाचे काम माणसाच्या हाताकडे येते.

आमच्या मित्राने त्या जुन्या गाडीवरचे क्षार एकदा नीट धुऊन काढले. दारांवर पाणी पुन्हा मोत्यांसारखे उभे राहिले. म्हणजे तेथे लेप अजून होता. टपावर आणि बॉनेटवर, जेथे ऊन थेट पडते तेथे, तो केव्हाच गेला होता. तेव्हापासून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तो त्या दोन जागी साधे सीलंट लावतो. ते कार्ड त्याने फेकून दिलेले नाही. मागचे कोरे चौकोन तो हळूहळू भरतो आहे. त्यांत शिक्के नाहीत, लेप पुन्हा दिल्याच्या तारखा आहेत.